नऊ व्होल्ट, पण कोणते? पेडलच्या अडॅप्टरवर कोरलेला शंभर वर्षांचा इतिहास

१.
गणेशोत्सवाच्या तोंडावर पन्हाळ्यासारख्या गावात एखाद्या बेंजो पथकाचा किंवा गिटारवादकाचा अडॅप्टर जळाला, की पहिली चिंता वेळेची असते. कोल्हापूरची बाजारपेठ सुमारे २० किलोमीटर दूर. घरात मात्र राऊटरचा, सेट-टॉप बॉक्सचा, जुन्या कीबोर्डचा असे तीन-चार अडॅप्टर पडून असतात आणि त्यांतील बहुतेकांची पिन पेडलमध्ये सहज बसते. पिन बसली म्हणून जोडणी होते आणि हजारो रुपयांचे पेडल क्षणात निकामी होते. सारख्या दिसणाऱ्या पिना इतक्या वेगळ्या का वागतात, याचे उत्तर इतिहासात आहे. त्याचाच हा धागा.

२.
शिलालेख, ताम्रपट, नाण्यांवरील अक्षरे यांचे वाचन इतिहासप्रेमींच्या परिचयाचे असते. अडॅप्टरच्या पाठीवरील बारीक मजकूर हाही एक लेखच होय. त्यात पाच गोष्टी नोंदलेल्या असतात : भिंतीतून घेतली जाणारी वीज, बाहेर पडणारे व्होल्ट, प्रवाहाचा प्रकार, प्रवाहाची क्षमता आणि पिनेची ध्रुवता. या पाच नोंदींमागे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत झालेले निर्णय आहेत. ते निर्णय एकमेकांना विचारून झालेले नाहीत. घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

३.
प्रथम वाद्याविषयी. महाराष्ट्रातील मिरवणुकांत ज्याला ‘बेंजो’ म्हणतात, त्याचे नाव अमेरिकेतील वाद्याशी जुळते; परंतु वाद्याचे कूळ जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ‘तैशोगोतो’ हे वाद्य घडवले. त्याच वर्षी जपानात तैशो कालखंड सुरू झाला होता. नाव त्यावरूनच आले. हे वाद्य भारतात येऊन ‘बुलबुल तरंग’ झाले आणि आपल्याकडे बेंजो. ढोल-ताशाच्या गजरात त्याचा नाजूक आवाज ऐकू यावा म्हणून त्याला पिकअप जोडला गेला. वाद्य विजेवर आले आणि त्यामागोमाग गिटारची पेडले व प्रोसेसरही आले. नागोया हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

४.
आता लेखाची पहिली ओळ : ‘इनपुट’. पन्हाळ्यावरील भिंतीतल्या सॉकेटमध्ये जी वीज येते ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. महाराष्ट्रातील मोठ्या वीजनिर्मितीचा आरंभ टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राने झाला. १९१५ पासून घाटमाथ्यावरील पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून मुंबईच्या गिरण्या त्यावर चालू लागल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीजनिर्मिती सुरू झाली आणि गावोगाव तारा पोहोचल्या. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. व्यवस्था बदलत गेल्या. वीज मात्र ब्रिटिश परंपरेतीलच राहिली, आणि तिचे गोल पिनांचे प्लगही.

५.
अमेरिकेने १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ हा मार्ग धरला. जपानची कथा अधिक विलक्षण आहे. १८९५ च्या सुमारास टोकियोने जर्मन यंत्रे घेतली, म्हणून पूर्व जपान ५० हर्ट्झवर. ओसाकाने अमेरिकन यंत्रे घेतली, म्हणून पश्चिम जपान ६० हर्ट्झवर. ही फाळणी आजही कायम आहे. व्होल्ट मात्र दोन्हीकडे १००.

न्यू जर्सीहून एखाद्या आत्याने किंवा मामाने भाच्यासाठी पेडल आणले, तर सोबतचा अडॅप्टर केवळ १२० व्होल्टचा असू शकतो. तो येथील सॉकेटला लावणे म्हणजे त्याला जवळपास दुप्पट व्होल्ट देणे होय. बाजारातील स्वस्त ‘ट्रॅव्हल प्लग’ पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. लेबलवर ‘१००–२४०’ असे लिहिलेले असेल, तरच निर्धास्त व्हावे.

६.
दुसरी नोंद प्रवाहाच्या प्रकाराची. भिंतीतली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी. बहुतेक पेडलांना लागते ती दिष्ट, म्हणजे डीसी. हा भेद मराठी प्रवाशाने इगतपुरीला अनेक दशके अनुभवला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशाने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारली. मुंबईकडून डीसी तारा इगतपुरीपर्यंत येत, तेथून पलीकडे एसी. म्हणून गाडी थांबवून इंजिन बदलावे लागे. दोन्हींवर चालणारी इंजिने बांधावी लागली. मुंबईच्या लोकलमार्गांवरील हे रूपांतर २०१६ मध्ये पूर्ण झाले.

७.
रूळ तेच, गाडी तीच, वरची तारही सारखीच दिसणारी; तरीही चुकीच्या विजेखाली इंजिन चालत नसे. पेडलांच्या जगातही असेच एक इगतपुरी आहे. १९९९ मध्ये आलेले ‘लाइन ६’चे ‘डीएल४’ हे डिले पेडल किंवा ‘डिजिटेक’च्या ‘व्हॅमी’च्या जुन्या आवृत्त्या यांना ९ व्होल्ट हवेत, पण ते एसी. आकडा नऊच असला तरी डीसी अडॅप्टर तेथे उपयोगाचा नाही. याउलट एसी अडॅप्टर साध्या डीसी पेडलला लावला, तर हानी संभवते. लेबलवरील खूण पाहावी : नागमोडी रेषा म्हणजे एसी, सरळ रेषेखाली तुटक रेषा म्हणजे डीसी.

८.
तिसरी नोंद : व्होल्ट. पण नऊच का? त्याचे उत्तर एका बिघाडापासून सुरू होते. १९६० च्या अखेरीस नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन यांच्या सहा-तारी बास गिटारचा आवाज यंत्रातील दोषामुळे खरखरीत, फाटल्यासारखा उमटला. गाणे गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो दोष मुद्दाम घडवून आणणारे सर्किट तयार केले आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पायाखालच्या पेटीत विकायला आणले. त्यात दीड-दीड व्होल्टचे दोन सेल होते. म्हणजे पहिले गाजलेले पेडल नऊ व्होल्टचे नव्हतेच. ते तीन व्होल्टचे होते.

९.
१९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यात हाच आवाज घुमला आणि मागणी उसळली. लंडनमध्ये ‘टोन बेंडर’ आणि १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीचे गोल थाळीसारखे ‘फझ फेस’ बाजारात आले. तोवर खिशातले ट्रान्झिस्टर रेडिओ घरोघरी पोहोचले होते आणि त्यांच्यासाठी वरच्या बाजूस दोन बटणे असलेली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी कोणत्याही दुकानात मिळत होती. पेडल बनवणाऱ्यांनी तीच उचलली. संगीताच्या दृष्टीने नऊ या आकड्यात काही दैवी नाही. रेडिओची बॅटरी स्वस्त आणि सहज मिळणारी होती, एवढेच.

१०.
याच काळाने एक सापळाही मागे ठेवला. त्या वेळचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर बहुधा ‘पीएनपी’ जातीचे होते. त्यामुळे ‘फझ फेस’सारख्या सर्किटांत बॅटरीचे धन टोक जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडले जाई. पुढची सिलिकॉन सर्किटे बहुधा उलटी, म्हणजे ऋण टोक ग्राउंडला असलेली. बॅटरीवर दोन्ही सुखाने नांदतात, कारण प्रत्येकाची बॅटरी स्वतंत्र. परंतु दोन्हींना एकाच अडॅप्टरच्या फाट्यांवर जोडले, की गिटारच्या केबलमधील ग्राउंडवाटे धन आणि ऋण टोके परस्परांना भिडतात : थेट शॉर्टसर्किट. जुन्या धाटणीचे फझ पेडल असल्यास त्याला स्वतंत्र वीज द्यावी, हा नियम येथून आला.

११.
भारतात हा आवाज फार उशिरा आला असे नाही. १९७० आणि १९७१ च्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिकांत फझ गिटार स्पष्ट ऐकू येते. मुंबईचे ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हे वाद्यवृंद त्याच दशकातले. १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद मुंबईत उभा राहिला. महेश तिनईकर त्याचे गिटारवादक. १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला.

मात्र १९९१ पूर्वी परदेशी वाद्ये आयात करणे परवाना आणि जकात यांमुळे दुष्कर होते. पेडल कोणाच्या तरी सामानातून येई; अडॅप्टर मात्र येथलाच शोधावा लागे.

१२.
त्या गरजेतून आपल्याकडे एक शब्द रुळला : ‘बॅटरी एलिमिनेटर’, किंवा नुसताच ‘एलिमिनेटर’. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत हे काळे जड ठोकळे मिळत. त्यांवर ३ ते १२ व्होल्टपर्यंत फिरणारी कळ आणि धन-ऋण उलटवण्याची सोय असे. रेडिओ व टेपरेकॉर्डरसाठी ते पुरेसे होते. परंतु बहुतेकांत व्होल्ट स्थिर ठेवणारे सर्किट नसे. कळ नऊवर असली तरी हलक्या भाराखाली १२-१३ व्होल्ट बाहेर पडत. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेचे डीसी करताना उरलेली १०० हर्ट्झची घरघर थेट ध्वनिवर्धकात उतरे. एलिमिनेटर लावल्यावर येणारा तो ‘घूंऽऽ’ आवाज म्हणजे भिंतीतली एसी वीज अर्धवट गाळली गेल्याची खूण होती.

१३.
आता ध्रुवता, म्हणजे सर्वाधिक पेडले जिच्यामुळे गेली ती नोंद. १९७२ मध्ये काकेहाशी इकुतारो यांनी ओसाकात ‘रोलँड’ कंपनी स्थापली. तिच्या ‘बॉस’ या नाममुद्रेचे ‘सीई-१’ हे पेडल १९७६ मध्ये आले, ते थेट भिंतीतल्या विजेवर चालणारे. १९७७ मध्ये मात्र बॉसने लहान, रंगीत, पायाने दाबायची पेडले आणली. त्यांत बॅटरीही बसे आणि अडॅप्टरचे गोल छिद्रही होते. नागोयाच्या होशिनो गाक्की कंपनीने ‘आयबानेझ’ या नावाने विकलेली पेडलेही जगभर गेली. ज्या शहराने बेंजोचा पूर्वज दिला, त्याच शहरातील कंपनीची पेडले आज बेंजोशेजारी ठेवली जातात.

१४.
या पेडलांची पिन ५.५ मिलिमीटर जाडीची, मधले छिद्र २.१ मिलिमीटरचे, आतले टोक ऋण, बाहेरचे नळकांडे धन. हे उलटे वाटते, पण त्यामागे व्यवहार होता. अडॅप्टर लावताच आतली बॅटरी आपोआप तुटली पाहिजे. सॉकेटमधील तोडणारी पट्टी बाहेरच्या नळकांड्याला टेकते, म्हणजे तोडता येते ते बाहेरचे टोक. बॅटरीचे ऋण टोक तर आधीच गिटारची केबल लावण्याच्या जॅकमधून जोडलेले-तोडलेले जात होते. उरले धन टोक. ते बाहेर आले आणि ऋण मध्यभागी गेले. बॅटरी वाया जाऊ नये म्हणून केलेली ही रचना पुढे जगातील बहुसंख्य पेडलांची रीत झाली.

१५.
बाकीच्या जगाने मात्र उलट रीत धरली. राऊटर, सेट-टॉप बॉक्स आणि यामाहाचे अनेक कीबोर्ड यांच्या अडॅप्टरमध्ये मधले टोक धन असते, व्होल्टही बहुधा १२. आणि पिनेची मापे मात्र अनेकदा तीच, ५.५ आणि २.१. पहिल्या परिच्छेदातील दुर्घटना येथे घडते. काही पेडलांत संरक्षक डायोड असतो. तो उलटा प्रवाह स्वतःवर घेतो आणि बहुधा जळतो. कुशल कारागीर तो अल्प खर्चात बदलून देतो. डायोड नसेल, तर आतील चिप आणि कपॅसिटर जातात. म्हणून लेबलवरील चित्र पाहावे : मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, दोन बाजूंना धन आणि ऋण. मधल्या ठिपक्याची रेषा ऋण चिन्हाकडे गेलेली असावी आणि पेडलवरील चित्रही तसेच असावे.

१६.
जुने बॉस पेडल ज्यांच्या हाती येते, त्यांना आणखी एक कोडे पडते. मूळचे अडॅप्टर ‘एसीए’ प्रकारचे, म्हणजे व्होल्ट स्थिर न ठेवणारे. नाव नऊचे, पण प्रत्यक्षात बाराच्या आसपास. त्या काळची पेडले हे जास्तीचे व्होल्ट आत उतरवून घेत. पुढे स्थिर ९ व्होल्टचा ‘पीएसए’ अडॅप्टर आला आणि नवी पेडले त्यासाठी बांधली गेली. जुन्या ‘एसीए’ पेडलला एकटा ‘पीएसए’ लावला, की दिवा मंद होतो आणि आवाज मरगळतो. पेडल बिघडलेले नसते. त्याला त्याच्या काळातली वीज मिळालेली नसते. पेडलच्या छिद्राजवळ किंवा तळाशी यांपैकी कोणते नाव छापले आहे, ते विकत घेण्यापूर्वी वाचावे.

१७.
शेवटची नोंद मिलीअँपिअरची, आणि ती समजण्यासाठी पन्हाळ्यासारखी जागा नाही. गडावर अंबरखाना आहे : गंगा, यमुना, सरस्वती या तीन प्रचंड धान्यकोठ्या. एकट्या गंगा कोठीची क्षमता २५,००० खंडी सांगितली जाते. १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांहून अधिक काळ पडला, तेव्हा असा साठा हाच गडाचा आधार होता. कोठी मोठी असली म्हणून शिबंदीच्या पोटात जास्त धान्य कोंबले जात नाही. माणूस भुकेइतकेच खातो. कोठी लहान असली, तर मात्र उपासमार ठरलेली.

१८.
अडॅप्टरवरील मिलीअँपिअर म्हणजे कोठीची क्षमता, पेडलवरील मिलीअँपिअर म्हणजे भूक. पेडलला १०० हवे आणि अडॅप्टर १००० देऊ शकतो, तर काहीच धोका नाही. ‘जास्त अँपिअरने पेडल जळते’ हा समज निराधार आहे. व्होल्टचे तसे नाही : नऊच्या पेडलला अठरा व्होल्ट दिले, तर ते घ्यावेच लागतात.

साधे डिस्टॉर्शन पेडल ५ ते २० मिलीअँपिअरवर चालते. डिजिटल डिले, रिव्हर्ब यांना ५० ते ३०० लागू शकतात. झूमच्या लहान प्रोसेसरांसोबतचा ‘एडी-१६’ अडॅप्टर ५०० चा. सर्व पेडलांची बेरीज करावी आणि वर चतुर्थांश राखीव धरावे.

१९.
एकाच अडॅप्टरला पाच फाटे लावून पाच पेडले चालवता येतात. सगळी साधी, एकाच ध्रुवतेची असतील, तर हे चालून जाते. त्यांत एखादे डिजिटल पेडल आले, की त्याच्या आतील घड्याळाची बारीक शिटी इतरांच्या आवाजात मिसळते. तेव्हा प्रत्येक फाटा विद्युतदृष्ट्या वेगळा असलेला, ‘आयसोलेटेड’ प्रकारचा पुरवठा घ्यावा लागतो. तो महाग असतो. पण मिरवणुकीत दहा हजार वॉटच्या भिंतीवर ही शिटी साऱ्या पेठेला ऐकू जाते. मोबाइल चार्जरसारखे हलके, आधुनिक अडॅप्टर स्वच्छ वीज देऊ शकतात, मात्र ते ध्वनिउपकरणांसाठी बनवलेले असावेत.

२०.
भारतीय लेबलवर अलीकडे एक नवी ओळ आली आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला. त्यानंतर अडॅप्टरांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसू लागला. पेडलमध्ये कोणती पिन लावावी हे तो सांगत नाही. भिंतीतले २३० व्होल्ट वादकाच्या हातातील तारेपर्यंत पोहोचू नयेत, याची चाचणी झाल्याची ती खूण आहे. पावसाळ्यात ओल्या मंडपात, लोखंडी तारांचे वाद्य हाती घेऊन उभ्या असलेल्या वादकाला ही ओळ फार मोलाची.

२१.
तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी क्रम असा ठेवावा. जळालेला अडॅप्टर फेकू नये. तोच मूळ दस्तऐवज. तो नसेल, तर पेडलचा तळ वाचावा.
• इनपुट : २३० व्होल्ट, किंवा १००–२४०.
• प्रकार : डीसी की एसी, तंतोतंत तोच.
• व्होल्ट : तंतोतंत तेवढेच.
• ध्रुवता : चित्राला चित्र जुळलेले.
• मिलीअँपिअर : तेवढे किंवा अधिक.
पिन बसते की नाही, हे सर्वांत शेवटी पाहावे. पाचांपैकी एकही नोंद वाचता येत नसेल, तर तो अडॅप्टर बाजूला ठेवून त्या रात्रीपुरती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्यावी. ज्या पेडलांत बॅटरीची जागा आहे, त्यांना ती चालते. आणि पन्हाळ्यावरील किराणा दुकानातही ती मिळण्याचा संभव असतो.